छाट

आई विड्या वळायची. सोलापुरात विडी घरकुलच्या आसपास हे मुद्दाम सांगावं असं काही नाही. दारोदारी सुपात तेंदूची पानं असायचीच. मजुरी हजार विड्यांवर. तो दर युनियनच्या मोर्चांनी आणि सरकारच्या किमान वेतनानं ठरायचा, आई त्यात बोलत नसे. तिची लढाई माल जमा करताना. तपासणारा ‘ही सैल, ही बारीक’ म्हणत विड्या बाजूला काढायचा. ती छाट; तिचे पैसे नाहीत. १९६६च्या विडी-सिगार कामगार कायद्यात या छाटीवरच्या तंट्यासाठी वेगळी तरतूद होती, म्हणजे बघा.

मी सॉफ्टवेअर तपासतो, घरबसल्या, रोजावर. काम एजंटामार्फत येतं. पहिल्या वेळी जुना मासिक पगार भागिले बावीस करून आकडा सांगितला. ‘चालेल सर,’ पलीकडून लगेच आलं. तिथंच माझ्या पोटात गोळा आला. वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवार १०४ गेले, राहिले २६१. सणाचे बारा, आजारपण आणि गड्ड्याच्या जत्रेचे नऊ, दोन कामांच्या मधले रिकामे चाळीस. हातात दोनशे. तेव्हापासून मी वर्षाच्या पगाराला दोनशेनं भागतो आणि मगच तोंड उघडतो.

तेही आधी एक विचारून: ‘कंपनीनं आकडा दिलाय का?’ दिला असेल तर मला वाढवलेला प्रत्येक रुपया एजंटाच्या खिशातून जातो. नसेल तर तो माझ्याच बाजूनं भांडतो. ‘बजेट टाइट आहे सर’ दोन्ही वेळा म्हणतोच. मी गप्प बसतो. फोनवरची शांतता त्याला माझ्यापेक्षा जास्त टोचते, कारण शुक्रवारपर्यंत नावं पाठवायची घाई त्याला असते. एकाच जागेसाठी तिघांचे फोन येतात, तिघांचे दर वेगळे. पण होकाराचा मेल एकालाच द्यायचा. एकच बायोडेटा दोन वाटांनी पोचला, तर बऱ्याच कंपन्या तो बाजूलाच ठेवतात.

दर ठरला की मी आणखी विचारतो: दिवस किती तासांचा? त्यांचा सर्व्हर बंद पडला तर दिवस धरणार का? हे पहिल्या कामात विचारलं नव्हतं. महिनाअखेर टाइमशीटमधले दोन दिवस ‘मंजूर नाहीत’ म्हणून कापले.

आईला सांगितलं. पानं कातरता कातरता ती म्हणाली, ‘छाटलेला माल तरी परत दिला का रे?’

त्या दोन दिवसांचा रिपोर्ट ते वापरत होते.