पहिला एजंट

व्हॅलोरंट शिकायला आलेला माणूस 'कुठला एजंट घेऊ?' असं विचारतो, तेव्हा उत्तर त्याने मनात ठरवलेलंच असतं. आपण फक्त मान डोलवायची असते. उत्तर असतं जेट, नाहीतर रेना. यूट्यूबवर ज्या क्लिप बघून तो इथवर आलेला असतो, त्यांत हीच मंडळी हवेत उडत एकटीच पाचजणांना लोळवत असतात. मी मान डोलवत नाही. ऑफिसातली पोरं, मावसभाऊ, मैत्रिणीचा नवरा अशा बऱ्याच जणांना मी हा खेळ शिकवलाय. कोण टिकतं आणि कोण वैतागून अनइन्स्टॉल करतं, ते बरंचसं या पहिल्या निवडीवर ठरतं असं माझं मत झालंय.

२०२० च्या जूनमध्ये खेळ आला तेव्हा एजंट, म्हणजे खेळायला घ्यायची शक्तीवाली पात्रं, अकरा होते. आता पंचवीसच्या वर आहेत. नवख्याला सुरुवातीला पाच जण फुकट मिळतात: ब्रिमस्टोन, जेट, फिनिक्स, सेज आणि सोव्हा. म्हणजे जेट हाताशी असतेच, आणि तिथेच घोळ होतो.

खेळाचा सांगाडा सोपा आहे. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने ठरलेल्या साइटवर स्पाइक नावाचा बॉम्ब लावायचा, दुसरीने तो लावू द्यायचा नाही, लावलाच तर निकामी करायचा. लावायला ४ सेकंद, फुटायला ४५, निकामी करायला ७. जो आधी १३ राउंड जिंकेल त्याची मॅच. पण या साध्या सांगाड्यात मरण फार स्वस्त आहे. पूर्ण चिलखत घातलेल्या माणसाकडे जीव १०० आणि चिलखताचे ५० असतात, आणि व्हँडल या बंदुकीची एकच गोळी डोक्यात बसली की कितीही लांबून असो, खेळ खलास. मेलात की राउंड संपेपर्यंत इतरांचा खेळ बघत बसायचं. नवखा पहिले कित्येक दिवस बघण्याचंच काम जास्त करतो.

त्यात आपल्याकडची बरीचशी मुलं मोबाइलवरच्या बीजीएमआयमधून येतात. तिथे धावत धावत गोळ्या झाडायची सवय लागलेली असते. इथे धावताना ट्रिगर दाबला की गोळी भलतीकडेच जाते. थांबायचं, मग मारायचं. डोक्याच्या उंचीवर क्रॉसहेअर धरून चालणं, कोपऱ्यावर येताच थांबणं आणि पहिली गोळी नीट टाकणं हे बोटांत उतरायला वेळ लागतो, आणि तो कुणाचाच वाचत नाही. म्हणून एजंट निवडताना मी एकच गोष्ट बघते: या माणसाचा नेम लागत नाही तोवर हा एजंट टीमच्या काही कामाचा आहे का? आणि ते काम समोर शत्रू उभा असताना करावं लागतं, की त्याच्या आधी उरकता येतं?

या कसोटीला रेना पहिल्याच फेरीत नापास होते. तिच्या चारपैकी दोन शक्ती, जीव भरून घेण्याची आणि निसटून जाण्याची, शत्रूच्या आत्म्याच्या गोळ्यावर चालतात. तो गोळा कधी मिळतो? शत्रू मेल्यावर, तोही तुम्ही मारलेला किंवा नुकताच जखमी केलेला असला तरच, आणि तीन सेकंदांत विरून जातो. म्हणजे जो आधीच जिंकतोय त्याला रेना आणखी देते. नवखा समोरासमोरची चकमक हरला की रेनाचा एजंट म्हणून उपयोग जवळपास संपलाच. जेटची गोष्ट थोडी वेगळी. तिची झेप हल्ली दोन टप्प्यांत आहे: आधी बटण दाबून तयार ठेवायची, मग काही सेकंदांच्या आत वापरायची, नाहीतर वाया. कधी तयार ठेवायची हे कळायला शत्रू कधी दिसणार याचा अंदाज लागतो, आणि नवख्याकडे नेमका तोच नसतो.

मी बहुतेकांना ब्रिमस्टोन देते. दाढीवाला, भारदस्त, कुणाच्याही क्लिपमध्ये न दिसणारा माणूस. 'ताई, हा म्हातारा कशाला?' असं मावसभाऊ म्हणाला होता. हा म्हातारा मनगटावरच्या पडद्यावर नकाशा उघडतो, हव्या त्या जागांवर डाव्या क्लिकने खुणा करतो, उजव्या क्लिकने पक्कं करतो, आणि आकाशातून धुराचे खांब उतरतात. एका वेळी तीन, एकोणीसेक सेकंद टिकणारे. असेंट या मॅपवर ए साइट घ्यायची असेल तर एक स्मोक हेवन नावाच्या जागेवर, एक ट्री नावाच्या जागेवर. एवढं झालं की बचाव करणाऱ्यांच्या दोन मोठ्या खिडक्या बंद, आणि आत शिरणाऱ्याला एकाच वेळी चार दिशांना बघावं लागत नाही. यात नेमाचा संबंध कुठेच नाही. शिवाय स्मोक टाकून तुम्ही मेलात तरी धूर काही तुमच्याबरोबर मरत नाही.

यातही मरायच्या जागा आहेतच. मावसभाऊ पहिल्या दिवशी ए मेनच्या तोंडाशी उभा राहून नकाशा उघडायचा. नकाशा उघडा असताना हातात बंदूक नसते. तो निवांत खुणा जुळवत बसायचा आणि समोरून कुणीतरी येऊन त्याला आडवा करायचा. मग आम्ही क्रम बसवला: भिंतीला पाठ, आजूबाजूला आपला माणूस आहे ना ते बघायचं, नकाशा, खुणा, पक्कं, बंदूक हातात. आणि माइकवर 'स्मोक टाकतोय' म्हणायचं. हे शेवटचं त्याला सर्वांत जड गेलं. अनोळखी चौघांसमोर तोंड उघडायची लाज वाटते. पण स्मोकवाला बोलला नाही तर बाकीचे शिरतात धूर विरल्यावर. ब्रिमस्टोनमुळे लाजऱ्या पोरालाही बोलावंच लागतं, हा त्याचा मला आवडणारा गुण.

दुसरी किलजॉय. ती सुरुवातीच्या पाचांत नाही, उघडून घ्यावी लागते, पण तेवढा खटाटोप वसूल होतो. राउंड सुरू व्हायच्या आधीच्या खरेदीच्या वेळात तिचं टरेट लावून ठेवायचं. ते स्वतःच गोळ्या झाडतं. नुकसान फारसं करत नाही, पण त्याने तोंड उघडलं की कळतं, पाहुणे इकडून आलेत. अट एवढीच, की किलजॉयने फार लांब जायचं नाही आणि मरायचं नाही. दोन्हीत तिची यंत्रं बंद पडतात. यातून नवख्याला एक जागा धरून बसायची शिस्त लागते, आणि शत्रू कुठल्या वाटेने, साधारण कितव्या सेकंदाला येतो हे फुकटात कळत जातं.

आता सेज. सगळे नवख्यांना सेज सुचवतात, आणि मला ते पटत नाही. जखमी साथीदाराचा जीव भरून द्यायचा हे सोपं दिसतं, म्हणून ती सोपी ठरली. पण सेज घेतलेला नवखा कोपऱ्याकडे न बघता साथीदारांच्या जिवाच्या पट्ट्यांकडे बघत राहतो. तिची बर्फासारखी भिंत तर खरोखर अवघड हत्यार आहे. चुकीच्या वेळी उभी केली की आपलीच माणसं पलीकडे अडकतात आणि शत्रू अलीकडे मोकळा फिरतो. सेज सुचवण्यामागे आणखी एक गोष्ट असते, ती मी माइक चालू केला की अजूनही ऐकते. बाईचा आवाज आला की लगेच, 'तू सेज घे ना.' मुलींना शिकवताना मी मुद्दाम सेज शेवटी ठेवते. तिच्यात खोट आहे म्हणून नाही, कुणी सांगितली म्हणून घ्यायची नाही एवढंच.

सोव्हाचा शोधबाण उपयोगी, पण त्याच्या उसळ्या आणि ताण जुळवता जुळवता नवखा आकाशाकडे बघताना मरतो. एका मॅपवरचा एकच बाण पाठ करायचा असेल तर चालेल. फिनिक्सचं फ्लॅश भिंतीला वळसा घालून जातं आणि वेळ चुकली तर टाकणाऱ्यालाही आंधळं करतं. तो दुसऱ्या महिन्यात.

क्लोव्ह हा स्मोकवाला एजंट २०२४ मध्ये आला, मेल्यावरही स्मोक टाकू शकणारा. नवख्यांच्या मरणाचा इतका विचार करून कुणी एजंट बनवला असेल असं मला वाटलं नव्हतं. तरी मी आधी ब्रिमस्टोनच देते, कारण मेल्यावरही काम होतंय म्हटल्यावर मुलं मरण टाळायचं सोडून देतात.

एजंट निवडण्याची ही कला व्हॅलोरंटपुरती नाही. रेनबो सिक्स सीज २०१५ मध्ये आला तेव्हापासून त्यात रुक आहे. राउंडच्या तयारीच्या वेळात हा फ्रेंच गडी चिलखतांची पिशवी जमिनीवर ठेवतो, पाचही जण एकेक उचलतात, आणि त्याचं मुख्य काम झालं. पुढे पहिल्याच मिनिटाला मेला तरी त्याचं चिलखत चौघांच्या अंगावर असतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे शक्तीवाली पात्रं नाहीत. स्मोक आणि फ्लॅश ज्याने त्याने विकत घ्यायचे.

उलट टोकाला ॲस्ट्रा. अंतराळासारख्या रूपात जाऊन नकाशाभर तारे पेरायचे, तोवर शरीर मागे उघड्यावर, आणि मग त्या ताऱ्यांचे स्मोक करायचे. नवख्याला ती देणं म्हणजे त्याचा राग काढणं. आणि आपला हार्बर. २०२२ मध्ये भारतीय एजंट आला म्हणून अनेकांनी हौसेने घेतला. ती हौस मला समजते. पण पाण्याची भिंत चालत्या रेषेत वळवत न्यायची तर मॅप डोळे मिटून माहीत हवा. त्यालाही थोडं थांबायला सांगते.

पहिला एजंट कधी सोडायचा, याची माझी खूण साधी आहे. सुरुवातीला मेल्यावर पोरगा ओरडतो, 'ह्याने मारलं कसं?' काही आठवड्यांनी ओरड बदलते: 'हेवन बंद नव्हतं, मागून फ्लॅश कुणी दिलं नाही.' दुसऱ्याने काय करायला हवं होतं हे दिसायला लागलं, की त्याला हवा तो एजंट घेऊ द्यावा. मावसभाऊ हल्ली जेटच घेतो. स्मोक माझ्याकडे असतात, आणि दोन सेकंद उशीर झाला की तो माइकवर मला जे ऐकवतो ते मावशीला सांगण्यासारखं नाही.