ले-ऑफ म्हणजे कधीपर्यंत?

गेल्या आठवड्यात आमच्या टीममधल्या एका पोराचा ले-ऑफ झाला. दुपारी चहाला सगळे दबक्या आवाजात तोच शब्द बोलत होते. मला मात्र २००९ साल आठवलं.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि काही महिन्यांत हादरे आमच्या हिंजवडीच्या हापिसापर्यंत पोचले. मोठा क्लायंट गेला, मी दोन महिने बेंचवर बसलो, आणि फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी एचआरच्या बाईंनी राजीनाम्याचा टाईप केलेला कागद पुढे सरकवला. सही केली, बॅज दिला, बसने घरी आलो.

"बाबा, माझा ले-ऑफ झाला."

त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. "अरेरे. कधीपर्यंत?"

मला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही. पण त्यांनी बरोब्बर ऐकलं होतं. शब्द एकच होता, अर्थ दोन होते.

बाबा भोसरीला एका कारखान्यात टर्नर होते. त्यांच्या काळी ले-ऑफ म्हणजे नोकरी जाणं नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याची व्याख्याच होती: कोळसा, वीज किंवा कच्चा माल नाही, तयार मालाचा साठा पडून आहे, मशीन बंद पडलंय, अशा कारणाने मालक काम देऊ शकत नाही, पण कामगाराचं नाव मस्टरवर कायम आहे. ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात वर्षभर नोकरी झालेल्याला या काळात मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळायची. अट एवढीच, की रोज एकदा कामाच्या वेळेत हजेरी लावायची. बाबा सकाळी सायकलवरून जायचे, हजेरी लावून परत यायचे आणि आईला भाजी निवडून द्यायचे. नोकरी खरोखर जायची त्याला कायद्यात वेगळा शब्द होता, रिट्रेंचमेंट. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे दोन शब्द वेगळेच ठेवलेत.

इंग्रजीतही 'ले ऑफ' मुळात तात्पुरतंच होतं. मंदी आली की माणसं घरी पाठवायची, ऑर्डर आली की परत बोलवायची. पुढे परत बोलावणं बंद झालं, शब्द तेवढा राहिला. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२,००० जणांना कमी करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा सगळ्या बातम्यांत ले-ऑफच होता. 'कधीपर्यंत' असं विचारलेलं मी तरी कुठे ऐकलं नाही.

माझी गंमत तर आणखी पुढची. कागदावर माझा ले-ऑफही नव्हता आणि रिट्रेंचमेंटही नव्हती. मी म्हणे 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा दिला होता.

हे सगळं त्या संध्याकाळी बाबांना सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "बघू, दोन-तीन महिने."

"मग रोज सकाळी एकदा जाऊन तोंड दाखवून येत जा," बाबा म्हणाले. "नाव मस्टरवर राहायला पाहिजे."

दुसऱ्या सोमवारपासून मी आठला सॅक घेऊन बाहेर पडायला लागलो. लायब्ररीत बसायचो, जावा घोटायचो, सायबर कॅफेतून रेझ्युमे पाठवायचो. आई डबा द्यायची. खोटं बोलतोय याची लाज वाटायची, पण खरं सांगू? त्या हजेरीनेच मला सावरलं. घरी लोळत राहिलो असतो तर कामातून गेलो असतो.

जूनमध्ये दुसऱ्या कंपनीत लागलो. घरी येऊन म्हणालो, "बाबा, काम सुरू झालं."

"बरं झालं," बाबा म्हणाले. पेपर उलटताना मान वर न करता त्यांनी विचारलं, "मस्टर नवीन ना?"

मी नुसतं "हो" म्हणालो. त्यांना कधीपासून माहीत होतं, ते मी विचारलं नाही.

असो. त्या पोराला काल फोन केला. कधीपर्यंत, असं विचारता येत नव्हतं. म्हटलं, सोमवारपासून रोज सकाळी दहाला माझ्या हापिसाखाली चहाला येत जा. हजेरी मी लावतो.