सपाटी आणि चकाकी

पहाडगंजमध्ये नूतन मराठी शाळा आहे आणि बृहन्महाराष्ट्र भवनही. दिल्लीत बदलून आलेल्या मराठी माणसाची पावले कधी ना कधी तिकडे वळतातच. त्याच परिसरातील आमच्या घरी गेल्या मे महिन्यात जुना संगणक वारंवार बंद पडू लागला. काही कामाला सुरुवात करावी, दहा मिनिटांत पंखा घोंघावू लागावा, आणि पडदा काळा व्हावा. मुलाने तापमान पाहून निदान केले, "बाबा, प्रोसेसर ९४ अंशांवर जातोय. स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो."

नवा संगणक घेणे सोपे होते. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आधी दुरुस्तीचा खर्च तपासण्याची खोड असते. रविवारी आम्ही संगणक उघडला.

प्रोसेसरवर एक हीटसिंक बसवलेला असतो. आमचा साधाच होता: भोवती ॲल्युमिनियमच्या पात्या आणि मध्ये तांब्याचा गाभा. प्रोसेसरची उष्णता या धातूत शिरते, पात्यांत पसरते आणि पंखा ती हवेत सोडतो. प्रोसेसरचे झाकण धातूचे, हीटसिंकही धातूचा. मग अडते कुठे? अडते ते दोहोंच्या मधल्या सांध्यात. डोळ्यांना सपाट दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्याच उंचवट्यांवर एकमेकांना टेकतात. उरलेल्या फटींत हवा असते, आणि तांब्याच्या तुलनेत हवा उष्णता सुमारे पंधरा हजार पटींनी कमी वाहून नेते. या फटी भरण्यासाठी मध्ये पेस्ट लावतात. पेस्ट हवेपेक्षा कितीतरी चांगली, पण धातूपेक्षा कितीतरी वाईट. म्हणून ती फटी भरण्यापुरतीच हवी. जाड थर दिला तर तोच अडथळा होतो.

आमची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती आणि पात्यांत दिल्लीची धूळ नमद्यासारखी बसली होती. धूळ काढली, नवी पेस्ट लावली. तेवढ्यानेच तापमान ८२ अंशांवर आले. पण मुलाचे समाधान होईना. हीटसिंकचा तळ घासून सपाट करू, असा त्याचा आग्रह.

हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला. इकडे त्याला रेगमाल म्हणतात. ४०० पासून २००० क्रमांकापर्यंतचे, पाण्यात भिजवून वापरायचे कागद घेतले. टेबलाच्या जाड काचेवर कागद पसरला, कारण खालचा आधार सपाट नसेल तर घासलेलेही वाकडेच होणार. पंखा आधीच काढून ठेवला होता. तळावर मार्करने उभ्याआडव्या रेघा मारल्या आणि हलक्या हाताने, मधूनमधून दिशा बदलत घासू लागलो. थोड्या वेळाने उलटून पाहिले, तर कडेची शाई गेली होती आणि मधली जशीच्या तशी होती. म्हणजे उष्णता सर्वाधिक जिथे येते, नेमका तिथेच तळ खोलगट होता! सगळी शाई एकसारखी जाईपर्यंत दुपार सरली. मग धातूचा कण कुठेही राहू नये म्हणून तळ नीट धुऊन, वाळवून पुन्हा बसवला. आता ७७ अंश.

तरी आम्ही थांबलो नाही. पुन्हा उघडून १५०० आणि २००० चे कागद फिरवले. आजीचा चिंचेने घासलेला तांब्याचा बंब आठवावा असा तळ लखलखू लागला. तापमान? ७७ अंशच. घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत मी एम. ए. ला पाठ केला होता. तो हाताला प्रथमच लागला. उपयोग सपाटीचा होता. चकाकी ही आमची हौस होती.

त्या रात्री मला एक जुने प्रकरण आठवले. आमच्या कार्यालयातील एक शिपाई सेवेत असताना वारले. पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण दुसऱ्या एका कार्यालयाकडे गेले आणि नावातील फरकासाठी परत आले. मी सविस्तर, नियमांच्या आधारासह टिपण लिहिले. ते पुन्हा परत आले. मी अधिक रेखीव टिपण लिहिले. वरिष्ठांनी त्याच्या भाषेची प्रशंसाही केली. असे सात महिने गेले. एके दिवशी त्या बाई माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "साहब, सब सही है तो पैसा कहाँ अटका है?" मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन मी स्वतः त्या कार्यालयात गेलो. त्यांना हवे असलेले प्रतिज्ञापत्र आमच्याच सहपत्रांत होते. यादीत मात्र त्याचा क्रमांक चुकला होता. दहा मिनिटांत उलगडा झाला. त्यांची तपासणी चोख होती, माझे टिपणही चोख होते. मध्ये मात्र हवा होती. सात महिने मी २००० क्रमांकाचा कागद फिरवत होतो, आणि खोलगट भाग कुठे आहे हे एकदाही तपासले नव्हते. त्या सात महिन्यांत त्या घराने काय सोसले, याची नोंद कोणत्याही फाइलीत नाही.

प्रशासनात आपण विभाग सुधारतो, त्यांचे सांधे क्वचितच तपासतो. फार झाले तर मध्ये समन्वय समिती नेमतो. तीही पेस्टसारखीच: पातळ असेल तर उपकारक, जाड झाली की नवा अडथळा. त्याआधी धूळ झाडावी, शाईच्या रेघा माराव्यात आणि आपण कुठे टेकत नाही ते पाहावे.

संगणक अजून चालतो आहे. पहाटेच्या कामाला तोच वापरतो. टिपण लिहून झाले की आता मी आधी दूरध्वनी उचलतो आणि पलीकडे विचारतो, "तुम्हाला नेमके काय हवे आहे?"