उतारावरचं पाणी

आमच्या वाईच्या घरी देवघराच्या फळीवर गंगेचा गडू असायचा. तांब्याचा, चपट्या पोटाचा, तोंडाला डाख देऊन कायमचा बंद केलेला. हलवला की आत पाणी डचमळायचं आणि आम्हा मुलांना तो आवाज फार आवडायचा. मोठी माणसं मात्र लगेच तो हातातून काढून घेत. त्या पाण्याची वेळ ठरलेली होती. घरातलं कुणी शेवटच्या घटका मोजू लागलं की गडू फोडायचा आणि दोन थेंब ओठांत सोडायचे.

गाझियाबादच्या इंदिरापुरममध्ये भाड्याचं घर बघत होते तेव्हा दलालाने बाथरूमचा नळ सोडून दाखवला आणि अभिमानाने सांगितलं, "मॅडम, इधर गंगाजल आता है." इथे सगळे तसंच म्हणतात. पाण्याच्या जाती दोन: गंगाजल आणि सबमर्सिबल, म्हणजे बोअरचं. सबमर्सिबलला साबणाचा फेस धरत नाही, गीझरमध्ये पांढरी पुटं चढतात, केस राठ होतात. गंगाजल मऊ. ते स्वयंपाकाला, आंघोळीला आणि कमोडच्या टाकीलाही. आजी असती तर तिने फ्लशला हात लावला नसता.

आणि ते खरोखरच हरिद्वारहून येतं. १८३७-३८ साली दोआबात भयानक दुष्काळ पडला, त्यानंतर प्रोबी कॉटली या इंग्रज अधिकाऱ्याने गंगेचा कालवा खणायचा घाट घातला. गंगा अडवायला हरिद्वारच्या पंड्यांचा विरोध होता. कॉटलीने बांधात प्रवाहाला वाट मोकळी ठेवायचं कबूल केलं, स्नानाचे घाट दुरुस्त करून द्यायचं मान्य केलं आणि गणपतीची पूजा करून काम सुरू केलं. रुडकीजवळ त्याने सोलानी नदीच्या डोक्यावरून कालवा पलीकडे नेला. १८५४मध्ये पाणी सुटलं. आज त्याच कालव्यातून मुरादनगरला पाणी उचलतात आणि मोठ्या नळांतून गाझियाबाद, नोएडा आणि दिल्लीच्या सोनिया विहारपर्यंत नेतात. हरिद्वार समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, दिल्ली २१५च्या आसपास. एवढ्या उतारावर गंगा सगळं उत्तर दोआब ओलांडून माझ्या बादलीत येते.

आजी घंगाळात तांब्या बुडवण्याआधी सात नद्यांना बोलवायची. गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी. कृष्णा त्या सातांत नव्हती. ती घाटाच्या पायऱ्यांशी आलेलीच होती, तिला आणखी काय बोलवायचं. दिल्लीत तीच आळवणी सरकारी खात्याने अमलात आणली आहे असं मला वाटतं. वजिराबादला यमुना अडवतात, मुरादनगरहून गंगा येते आणि भाक्रा धरणाच्या कालव्यांतून रावी-बियासचं, म्हणजे सिंधूच्याच लेकींचं पाणी हरियाणातून दिल्लीत उतरतं. सातांतल्या तिघी नळाने हजर. उरलेल्यांपैकी सरस्वती गुप्त आहे, तिचं काही सांगता येत नाही.

आमच्याकडे संध्याकाळची आंघोळ नव्हती. संध्याकाळी हातपाय धुवायचे, देवापाशी दिवा लावायचा, परवचा म्हणायचा. तिन्हीसांजेला डोक्यावरून पाणी घेणारा माणूस मसणवटीतून आलेला असायचा. त्यामुळे दिल्लीला आल्यावर ऑफिसातून परतून मी आंघोळ करते हे आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "बरं आहे ना सगळं?"

पण दिल्लीची संध्याकाळ हातपाय धुऊन उतरत नाही. बाराखंबा रोडला मेट्रोत शिरायचं, यमुना बँकेला गाडी बदलायची, वैशालीला उतरून ई-रिक्षा पकडायची. तेवढ्यात किती अनोळखी खांदे, किती जणांचे फोनवरचे तंटे, किती हॉर्न अंगावर बसतात. मे महिन्यात राजस्थानाकडून आंधी येते आणि भुवयांतही वाळू सापडते. नोव्हेंबरात तोंड धुताना नाकातून काळं निघतं. तेव्हा अंगावर काहीतरी साचलं आहे, ते उतरवायला हवं, हे कळायला कुठलंही तत्त्वज्ञान लागत नाही.

तत्त्वज्ञान मला ऑफिसातल्या एका मैत्रिणीने आणून दिलं. गुरुग्रामच्या कुठल्याशा शनिवार-रविवारच्या वर्गाला ती गेली होती. संध्याकाळी शॉवरखाली डोळे मिटून उभं राहायचं. दिवसभराची मलिन ऊर्जा करड्या धुरासारखी टाळूपासून खाली सरकते आहे, पायांच्या बोटांतून जाळीत जाते आहे असं बघायचं. पाण्याचे आभार मानायचे. ही म्हणे ताओची प्राचीन रीत. शिवाय मूठभर गुलाबी सैंधव अंगाला चोळायचं. मिठाचं ऐकून मला हसू आलं. तिन्हीसांजेला मीठ-मोहरी आमच्या अंगावरून उतरवून चुलीत टाकणारी आजी कुठल्या वर्गाला गेली होती?

मला ती रीत प्राचीन वाटली नाही. त्यातलं बरंच आताच्या स्पा-संस्कृतीचं आहे. चीनमध्ये ताओपंथी पुरोहित स्नान करत, सुगंधी वनस्पती उकळलेल्या पाण्याने करत, पण विधीच्या आधी, वेदीपाशी जायची तयारी म्हणून. म्हणजे आपल्या सोवळ्यासारखंच. हान राजवटीत सरकारी कारकुनांना दर पाच दिवसांनी केस धुवायची सुट्टी मिळे. तांग काळात ती दहा दिवसांवर गेली. कामाचा रेटा वाढला की पहिली कात्री आंघोळीला लागते, हे तेव्हाही तसंच. कचेरीचा मळ दिवसागणिक चढतो आणि तो उतरवायला वेळ द्यावा लागतो, हे त्या बादशहांना मान्य होतं. ऊर्जा वगैरे शब्दांपेक्षा मला ही सुट्टीच जास्त ताओवादी वाटते.

आणि ताओचा खरा न्हाण्याचा प्रसंग वेगळाच आहे. च्वांगत्सेच्या ग्रंथात तो येतो. कन्फ्यूशियस लाओत्सेला भेटायला जातो. लाओत्सेने नुकतेच केस धुतलेले असतात आणि ते वाळायला पाठीवर मोकळे सोडून तो बसलेला असतो. इतका निश्चल, की समोर माणूस आहे असंच वाटू नये. कन्फ्यूशियस बाजूला थांबतो. थोड्या वेळाने भेट होते आणि तो विचारतो, की मला भास झाला का, तुम्ही लाकडाच्या वठलेल्या ओंडक्यागत दिसत होता. लाओत्से सांगतो की आपलं मन वस्तूंच्या उगमापाशी फिरायला गेलं होतं.

ते वाचल्यापासून मैत्रिणीच्या वर्गाशी माझं भांडण संपलं. त्या गोष्टीत पाणी पडत असतानाचं काहीच नाही. धूर नाही, आभार नाहीत, मीठ नाही. न्हाणं उरकलेलं आहे आणि म्हातारा नुसता केस वाळवत बसला आहे. वाईला रविवारी न्हाणं झाल्यावर बायका माडीवर अशाच बसायच्या. शिकेकाईचा वास, धुपाटण्यातला धूर, पाठीवर पंचा, त्यावर मोकळे केस. त्या वेळात त्यांना कुणी काम सांगत नसे. केस ओले आहेत, एवढं कारण पुरे होतं. कन्फ्यूशियसलाही थांबावं लागलं, मग सासूला थांबायला काय झालं.

तर माझी रीत अशी. शॉवर नाही, बादली. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर शंभरेक लिटर पाणी सहज जातं. बादलीत वीसएक लिटर मावतं आणि ते संपताना दिसतं. आधी पाय. वज्रीने टाचा घासायच्या, कारण दिल्ली सर्वांत आधी टाचांत शिरते. मग हात, मान आणि शेवटी डोकं. मंत्र नाही. पहिल्या तांब्याला दिवसभरात कुणाला काय बोलले ते आठवतं, चौथ्या-पाचव्याला आठवेनासं होतं. ही ची नावाची चिनी प्राणशक्ती आहे की नुसती त्वचा आणि थंडावा, मला ठाऊक नाही आणि त्याने पाण्याला काही फरक पडत नाही.

ऋतूप्रमाणे या रीतीच्या खोड्या बदलतात. मे-जूनमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाक्या दिवसभर तापतात आणि संध्याकाळी सातला नळ सोडला तर चहा होईल असं पाणी येतं. म्हणून शहाणी माणसं सकाळीच बादली भरून सावलीत ठेवतात. मग गच्चीवर जाऊन बसावं. लू अजून अंगात चटका घेऊन वाहत असते, पण ओल्या केसांवरून गेली की तीच वारा होते. केस दहा मिनिटांत वाळतात. लाओत्सेला उत्तरेत मे महिन्यात भेटायला गेलं असतं तर कन्फ्यूशियसचा फार खोळंबा झाला नसता. जानेवारीत उलट. गीझरचा लाल दिवा विझेपर्यंत शालीत गुंडाळून वाट बघायची, धडाधड पाच तांबे घ्यायचे आणि पळायचं. तेव्हा निश्चल बसणं ब्लँकेटमध्ये, तेही केस न धुता.

एका गोष्टीबद्दल वर्गवाले बोलत नाहीत. धूर जाळीतून खाली जातो म्हणतात, पण जाळीच्या खाली काय असतं? ताओवाद्यांना पाणी प्रिय, कारण ते कुणाला नकोशा वाटणाऱ्या खोलगट जागी जाऊन राहतं. ती खोलगट जागा दिल्लीकराला पत्त्यासकट सांगता येते. आमच्या भागाचं सांडपाणी हिंडनकडे नाहीतर शाहदरा नाल्याकडे जातं आणि शेवटी यमुनेलाच मिळतं. वजिराबाद ते ओखला हा यमुनेचा जेमतेम २२ किलोमीटरचा पट्टा, १,३७६ किलोमीटरच्या नदीचा दोन टक्केही नाही. पण नदीतल्या प्रदूषणाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भार तेवढ्यात पडतो. वजिराबादच्या बंधाऱ्यापर्यंत ती नदी असते. लगेच खाली नजफगढचा नाला येऊन मिळतो. ओखल्याच्या बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं तेव्हा त्यातले साबण, शांपू, कपड्यांच्या पावडरी घुसळून निघतात आणि कालिंदी कुंजला पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगतात. ती सगळ्या दिल्लीची उतरवलेली मलिन ऊर्जा. ती मथुरेला, आग्र्याला जाते. मथुरेतही कुणीतरी संध्याकाळी नळ सोडत असेलच. माझ्या आंघोळीतून शांपू उणा होऊन शिकेकाई आली ती या फेसाकडे एकदा डोळे भरून पाहिल्यावर. यमुनेला त्याने काही कळलं असेल असं नाही.

दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास गंग नहर बंद करतात, गाळ काढायला. हरिद्वारला पात्र उघडं पडतं, पोरं तळातली नाणी वेचतात आणि इकडे आमच्या लिफ्टमध्ये कागद लागतो: गंगाजल सप्लाई दिवालीपर्यंत बंद. नेमकं अभ्यंगस्नानाच्या तोंडावर. पुण्याहून कुरियरने आलेलं उटणं मी सबमर्सिबलच्या पाण्यात कालवते आणि ते अंगाला धरून बसतं, निघता निघत नाही. कालवा पुन्हा सुटतो तो दिवाळीच्या आगेमागे, आणि मग आमच्या सोसायटीत खरी घालमेल सुरू होते, कारण सहाव्या दिवशी छठ.

दिल्लीत संध्याकाळी पाण्यात उभं राहायचा सर्वांत मोठा विधी तो आहे आणि त्याला ताओची गरज पडलेली नाही. कार्तिक शुद्ध षष्ठीला व्रत करणाऱ्या बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून मावळत्या सूर्याला अर्घ्य देतात. काही जणी कालिंदी कुंजच्या त्या फेसातही उतरलेल्या आहेत. आमच्याकडे गच्चीवर रबरी हौद फुगवतात. गेल्या वर्षी समितीच्या बैठकीत सेक्रेटरींनी सुचवलं की कालव्याचं पाणी अजून गढूळ येतंय, तेव्हा हौद टँकरने भरू. चौथ्या मजल्यावरच्या समस्तीपूरच्या भाभीजी उठून उभ्या राहिल्या. "भाई साहब, डूबते सूरज को टैंकर का पानी देंगे?" बराच वाद झाला. शेवटी ठरलं की त्या दिवशी दुपारी चारपासून गंगाजल फक्त गच्चीवर चढवायचं, बाकीच्यांनी सबमर्सिबलवर भागवायचं. आणि नंतर हौदाचं काय, असं कुणीतरी विचारलं. भाभीजी म्हणाल्या, मुलं सकाळच्या अर्घ्यानंतर बादल्यांनी ते खालच्या कडुलिंबांना घालतील, नाल्यात एक थेंब जाणार नाही. सेक्रेटरींनी हे वहीत लिहून घेतलं आणि बादल्या कोण देणार असं विचारलं. मी माझी देते म्हणाले.