मोटर पुढं, पाणी मागं

आमच्याकडं समुद्र म्हणजे सुरत. धुळे-जळगावातल्या कुठल्याही घरात विचारा, कुणी ना कुणी मामा, मावसभाऊ, दीर तिकडं लूमवर नाहीतर साडीच्या दुकानात लागलेला असतोच. उधन्याला, लिंबायतला गल्ल्याच्या गल्ल्या अहिराणी बोलतात. लग्नाला सुरतेला गेलं की दुसऱ्या दिवशी पाहुणे डुमसला नेतात. काळी वाळू, ओहोटीला लांब मागं सरकलेलं गढूळ पाणी आणि टमाट्याची गरम भजी. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, समुद्र पाहिला तो एकदाच, आणि तो हाच. मी तेव्हा नववीत होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचून ते पाण्यात गेले, वाकून ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकले. मग बराच वेळ पूर्वेकडं, आम्ही आलो होतो त्या दिशेला बघत उभे राहिले. "आपलीच तापी शे ही," म्हणाले. "आठे ईसन खारी व्हयनी."

मुलताईला उगवलेली तापी 724 किलोमीटर चालून तिथं समुद्राला मिळते. वाटेत चांगदेवला पूर्णा तिच्यात येते, मुडावदला आमची पांझरा. हे सगळं मी भूगोलात पाठ केलेलं होतं, पण नदी खारी झाल्याचं कुणाला वाईट वाटू शकतं, हे त्या दिवशी आप्पांच्या तोंडाकडं पाहून कळलं.

हे आठवायला निमित्त झालं भाच्याच्या व्हिडिओचं. तो शिकायला फ्रान्समध्ये आहे. सुट्टीत मित्रांबरोबर भूमध्य समुद्रावर गेला आणि जेट स्कीवरून किनाऱ्याकिनाऱ्यानं दोन तास फिरून आला. पुढं वाटाड्याची स्कूटर, मागं बदकाच्या पिल्लांसारखी पाच-सहा जणांची रांग. एस्तेरेलचे लालभडक खडक सरळ पाण्यात उतरलेले, वर पाइनची हिरवी झाडं, आणि पाणी इतकं नितळ की स्कूटरची सावली तळाशी पळताना दिसावी. बरोबर वाटाड्या असेल तर परवाना लागत नाही, असं त्यानं सांगितलं. पण किनाऱ्यापासून 300 मीटरच्या पट्ट्यात 5 नॉटच्या वर वेग न्यायचा नाही. म्हणजे सायकलीच्याही मागं. त्या समुद्राला भरती-ओहोटीही वीत-दीड वीतच. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. लेक शेजारी बसली होती. म्हणाली, "आई, हे आपल्याकडंही आहे. मालवणजवळ, देवबागला जाऊ या."

मी धुळ्याची. पांझरेच्या या काठाला आमचं जुनं गाव, त्या काठाला देवपूर. मे महिन्यात नदीत मुलं क्रिकेट खेळत, आणि श्रावणात तीच नदी लहान पुलावरून जाऊ लागली की शाळेला सुट्टी. पाणी कमी किंवा पाणी जास्त. पुरेसं पाणी अशी गोष्ट मी लहानपणी पाहिलेली नाही. मूळ गाव साक्रीकडचं. तिथं फड होता. नदीला दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या, आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक. ही पद्धत तीनेकशे वर्षं जुनी. पाणी कुणाच्या मालकीचं नाही, पाळी मात्र प्रत्येकाची. शेतकऱ्यानं स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. ते काम पाटकऱ्याचं. माझे आजोबा पाटकरी होते. रात्री कंदील आणि फावडं घेऊन निघायचे. एका शेताचं पोट भरलं की बारं बुजवून पुढचं फोडायचं. पायानं चिखलाचा ढेकूळ सारला की पाणी वळायचं. एवढं सोपं ते दिसायचं आणि एवढं अवघड ते होतं, कारण एक ढेकूळ चुकीच्या जागी सरकला की दोन भावकींत वर्षभर बोलणं बंद. आम्ही पोरं पाटात पाय सोडून बसलो की ते एकच वाक्य बोलत: "पानीसंगे मस्ती नही करानी."

हे वाक्य माझ्या अंगात इतकं मुरलेलं आहे की नळाची धार अजूनही मी मोठी सोडत नाही.

डिसेंबरात आम्ही मालवणला पोचलो. पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग पाहिला. किल्ल्याचा पाया 1664 च्या नोव्हेंबरात घातला गेला आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली होती. तो पैसा या बांधकामाला लागला असं तिथं सांगतात. मला त्यात आपल्याकडचा धागा दिसला. बऱ्हाणपूर-सुरतेचा व्यापारी रस्ता खानदेशातूनच जायचा. कापसाच्या, कापडाच्या किती गाड्या आमच्या दारावरून त्या बंदराकडं गेल्या असतील! पण किल्ल्यात मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती तटापाशी नाही, विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध खडकात गोड. पाणी काढणाऱ्या बाईकडून मी ओंजळभर मागून घेतलं. आप्पा असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी देवबाग. एका बाजूला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. टोकाला नदी समुद्रात शिरते तिथं वाळूचं एक बेट आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं गावातले म्हणतात, म्हणून नाव त्सुनामी आयलंड. भरतीला बेट गुडघाभर पाण्यात जातं आणि त्या पाण्यात चहाच्या टपऱ्या उभ्या असतात. तिथं जेट स्कीच्या पाच मिनिटांच्या फेऱ्या मारतात. (जेट स्की हे नाव खरं तर कावासाकी कंपनीनं 1970 च्या दशकात बाजारात आणलेल्या यंत्राचं. आता सगळ्यांच्याच यंत्राला तेच नाव पडलंय.) लेकीनं तिथल्या लोकांशी बोलून लांबची फेरी ठरवली: संगमावरून बाहेर पडायचं, भोगव्याच्या किनाऱ्याला समांतर जायचं आणि निवतीचे पिवळे खडक दुरून पाहून परत. पुढच्या स्कूटरवर एक जाणते काका आणि लेक. मागच्या स्कूटरवर मी आणि विशीतला एक मुलगा. त्याचे वडील अजून मासेमारीला जातात. पावसाळ्यात हे खेळ बंद असतात, तेव्हा तोही जाळी विणायला घरी बसतो.

त्यानं मला पुढं बसवलं, स्वतः मागं बसला. लाइफ जॅकेटचे तिन्ही पट्टे ओढून पाहिले. लाल रंगाची पिळाची दोरी होती, तिचं एक टोक यंत्राला आणि दुसरं माझ्या मनगटाला. "काकी, तुम्ही पडलात की दोरी निघतली आणि इंजिन बंद. स्कूटर तुमका सोडून पळाची नाय." मला ते फार आवडलं. माणूस पडलं की थांबणारं यंत्र.

खाडीतून निघालो तेव्हा हात त्याचेच होते. पाणी हिरवट, गुळगुळीत. बाहेर आलो तसा रंग बदलला आणि खालून धक्के सुरू झाले. आपटत, उडत, पुन्हा आपटत. दात आपोआप दाबले गेले. डावीकडं भोगव्याची पांढरी वाळू आणि तिच्यामागं माड. उजवीकडं काहीच नाही. खानदेशात असं काहीच नसणं कधी दिसत नाही. कुठंतरी सातपुडा असतो, नाहीतर लळिंगचा डोंगर, निदान विजेचा खांब तरी.

थोडं सपाट पाणी लागल्यावर तो म्हणाला, "आता तुम्ही चालवा." उजव्या मुठीजवळ एक खटका, तो दाबला की पळते. मी दाबला. आप्पांच्या राजदूतवर मागं बसून पाहिलेला वेग आठवला आणि मी आणखी दाबला. खरं सांगते, पंचावन्नाव्या वर्षी मी ओरडले, आणि ते ओरडणं आनंदाचं होतं.

मग एक लाट आली. स्कूटर तिच्यावर चढली, क्षणभर हवेत राहिली आणि खालून आवाज आला.

तो आवाज मी ओळखते. एप्रिलमधल्या रात्री, वीज येण्याच्या वेळेला, विहिरीतली मोनोब्लॉक मोटर पाणी ओढत असते. तिचा घुमणारा संथ सूर ऐकत घर झोपलेलं असतं. आणि मध्यरात्री कधीतरी तो सूर एकदम वर चढतो, पातळ होतो, किंचाळतो. मोटरनं हवा धरली. विहिरीचं पाणी संपलं. आप्पा अंथरुणातून उठून अंधारात धावत, बटण बंद करत आणि मग बराच वेळ विहिरीच्या काठावर बसून राहत. माय त्यांना हाक मारायची नाही. आम्हीही जागे असायचो, पण कुणी काही बोलायचं नाही. त्या आवाजाचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता: ऊस गेला, मग कांदा, मग माझ्या कॉलेजची फी.

तोच आवाज भर समुद्रात, कोसन् कोस पाणी असताना. माझ्या हातानं विचारही केला नाही. खटका सोडला. मोटर बंद करायची असते.

समोर कुणाच्या तरी जाळ्याचा पांढरा बोया होता. मी हँडल वळवलं. स्कूटर वळली नाही. हँडल पूर्ण डावीकडं आणि स्कूटर आपली सरळ, गप, बोयाकडं सरकत चाललेली. "द्या काकी, एक्सिलेटर द्या!" मागून मुलगा ओरडला आणि माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवून त्यानं खटका दाबला. मागून पाणी सुटलं आणि त्याच क्षणी आम्ही असे वळलो की माझा डावा गुडघा पाण्यात बुडाला. बोया चार हातांवरून गेला.

लांब जाऊन त्यानं इंजिन बंद केलं. आम्ही नुसते डुलत राहिलो. मी विचारलं, वळली का नाही? तो म्हणाला, "खाली पंखो आसा. जाळीतसून पाणी आत ओढता आणि पाठसून सोडता. हँडल फिरवलास की त्या धारेचा तोंड फिरता. पाणीच नाय सोडलास तर वळतली कशी?"

मी खाली वाकून पाहिलं, जणू पाण्यातून ते दिसणार होतं. जाळी. पंखा. डिलिव्हरी. हे तर सगळं आमच्या विहिरीतलं. आप्पा वैशाखात मोटर खोलायचे तेव्हा मी पाने हातात देत बसायची. फूटवालच्या जाळीत अडकलेली पानं काढायची, झिजलेला इंपेलर उन्हात धरून बघायचा. आमची मोटर जागच्या जागी बसायची आणि पाणी शेताकडं जायचं. इथं पाणी जागेवर आणि मोटरच पुढं पळते, वर दोन माणसं घेऊन! आणि लाटेवर उडाल्यावर ती किंचाळली कारण तिची जाळी क्षणभर हवेत आली होती. खाली उतरली की पुन्हा पाणी धरणारच होती. आप्पा आयुष्यभर ज्या आवाजाला भ्याले, तो इथल्या पोरांना दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो आणि त्यांना तो लाटेचा आवाज वाटतो.

आणि आजोबांचं बारं? पाणी अडवून वळवायचं, एवढंच मी त्यांच्याकडून पाहिलेलं. पाणी सोडल्याशिवाय वळता येत नाही, हे देवबागच्या त्या मुलानं दाखवलं. मी खूप वेळ गप्प बसले असावे, कारण त्यानं विचारलं, "भियालात काय?" मी म्हटलं, "नाही रे बाबा. पुन्हा सुरू कर."

परतीला चालवलं ते मीच. संगमापाशी नदीचं हिरवट पाणी आणि समुद्राचं निळसर पाणी यांच्यामधे फेसाची एक रेघ वाहत होती. लाटा आल्या, आवाज चढला, दर वेळी बोटं सुटू पाहत होती आणि दर वेळी मी ती दाबून धरली. बेटाजवळ वेग कमी केला तेव्हा मागं वळून पाहिलं. आम्ही आलो ती वाट पाण्यावर पांढरी दिसत होती, पाटासारखी, आणि दोन्हीकडून बुजत चालली होती.

घरी आल्यावर भावाला व्हिडिओ दाखवला. तो शेती करतो. मोनोब्लॉक गेली, आता सबमर्सिबल बोअर आहे आणि तीही दर दोन वर्षांनी एक-एक पाइप खाली जाते. त्यानं समुद्र पाहिला नाही, माड पाहिले नाहीत, माझं ओरडणं ऐकलं नाही. स्कूटरच्या मागची धार बोटानं मोठी करून पाहिली आणि विचारलं, "ताई, डिलिव्हरी किती इंची आहे गं हिची?"

मला सांगता येईना. मुलाचा नंबर लेकीकडं होता. मेसेज केला. संध्याकाळी उत्तर म्हणून एक फोटो आला. स्कूटर वाळूवर ओढून ठेवलेली, मागचं गोल तोंड दिसतंय आणि माप कळावं म्हणून त्यानं शेजारी आपला पंजा धरलाय, बोटं पसरून. भावानं फोन उचलून त्या पंजाशेजारी स्वतःचा पंजा धरून पाहिला.

"तीन-साडेतीन इंची शे," तो म्हणाला. "आप्पास्नी मोटरनी होती, तितलीच."