अझैबात ज्योत्स्नाबाई

शुक्रवार. सुट्टी असूनही बाहेर पडायचा धीर होत नाही; मस्कतमधल्या अझैबाचा किनारा अगदी जवळ, पण हे ऊन! एसी लावून ज्योत्स्ना भोळे ऐकत बसले.

गोव्यातल्या बांदिवड्याची ही केळेकरांची दुर्गा, जन्म 1914 चा. भावगीतं, ध्वनिमुद्रिका, रेडिओ आणि 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’. ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या या नाटकात बायकांची कामं बायकांनीच केली. पदं मोजकी, प्रसंगाच्या पोटातून येणारी. संगीत पती केशवराव भोळ्यांचं, म्हणजे घरचंच! वन्समोअरवर रात्र जागवणाऱ्या प्रेक्षकांपुढे हे धाडसच होतं. तयारीच्या गायिका तेव्हा इतरही होत्या. पण कुठे थांबायचं, हे बाईंना जास्त कळत होतं, असं माझं मत.

मग ‘कुलवधू’, 1942. रांगणेकरांचं नाटक, मास्टर कृष्णरावांच्या चाली. बाईंची भानुमती स्वतःच नटी. त्यातली ‘बोला अमृत बोला’ ही भैरवी आज पुन्हा पुन्हा लावली. ‘बोला’तला ‘ला’ त्या किती अलगद सोडतात! गळा दाखवायची जराही घाई नाही. गाणारी बाई आणि बोलणारी बाई वेगळ्या काढताच येत नाहीत.

लेक डोकावली. “आई, कितव्यांदा?”

“अगं, यांनी ‘आराधना’ नावाचं नाटकही लिहिलंय.”

“बरं,” म्हणून गेली.

पुण्याहून वहिनी येणार आहेत. बाईंचं आत्मचरित्र ‘तुमची ज्योत्स्ना भोळे’ आणायला सांगायचंय. भाजणी थोडी कमी आणली तरी चालेल.