नाव काठावर कुजते

धुळे, आखाजीचा दुसरा दिवस

चि. छोटू,

ॲल्युमिनियमच्या नावेला लोखंडासारखा गंज चढत नाही, पण तिच्या मागच्या आडव्या भिंतीत लाकूड असते आणि लाकूड कुजते. मोटारीचे मेस्त्री या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून पत्रा, आतून पत्रा किंवा नुसती पट्टी आणि मध्ये दीड इंच जाडीचे प्लाय, अशी तिची बांधणी. पाणी पत्रा अडवतो, मोटार मात्र प्लाय पेलते. २५ हॉर्सपॉवरच्या मोटारीचे वजन ५० किलोच्या आसपास भरते. त्या वजनाचे विशेष काही नाही. पंखा जोर लावतो तेव्हा मोटारीचा खालचा भाग भिंतीत रुततो आणि वरचा शिकंजा तिला मागे ओढतो. ही ओढाताण सोसायला आत सुदृढ लाकूड लागते.

म्हणून कुजलेल्या ट्रान्समवर नवा पत्रा ठोकून त्याला हिरवा रंग देणे ही दुरुस्ती नव्हे. चिरंजीवांनी फोटो पाठवला आणि खाली ‘कशी झाली?’ असे विचारले. रंग सुरेख बसला आहे. रंगाबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजते. बुरशीला ओल, ऊब आणि हवा ही तिन्ही लागतात. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली असली की ती वाढत नाही. लाकूड पूर्ण बुडालेले असले तर हवेअभावी तिचे काही चालत नाही. घातक असते ती मधली अवस्था, आणि ती नावेला काठावरच मिळते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. पत्रा दिवसा पसरतो, रात्री आकसतो, बोल्टांभोवतीचे सीलंट वाळून चिरते, वरची टोपपट्टी सैल होते. मृगाचा पाऊस त्याच फटींतून आत शिरतो आणि दोन पत्र्यांच्या मध्ये कोंडून बसतो. वरून ताडपत्री घट्ट बांधलेली असली की वाळण्याची उरलीसुरली आशाही संपते. समुद्रातल्या नावेला मिठाचे थोडे तरी संरक्षण असते, बुरशीला ते मानवत नाही. पावसाचे गोडे पाणी तिला पोसते.

नाव काठावर कुजते. आमचे आप्पा उन्हाळ्यात आपली सागवानी नाव डोहात दगड घालून बुडवून ठेवत आणि सारा गाव हसे. फळ्या फुगलेल्या राहत, सांधे उघडत नसत. (ॲल्युमिनियमची नाव अशी बुडवायची नसते. हे वेगळे लिहावे लागते, कारण वाचणारा कोण आहे ते ठाऊक आहे.) हतनूर धरणाच्या फुगवट्यावर रोज जाळे टाकणाऱ्या भोई मंडळींच्या नावेवर रोज कोणाची तरी नजर आणि हात फिरतो. हौसेने घेतलेली नाव केळीच्या बागेच्या बांधाला पडून राहते, आणि केळीच्या बागेइतकी दमट जागा रावेर-मुक्ताईनगरात दुसरी नाही. पुरासाठी राखलेल्या नावांचेही हेच होऊ शकते. पांझरा नदीला १८७२ साली महापूर आला, २०१९ सालीही पाणी चढले. मधल्या कोरड्या वर्षांत नाव शेडमध्ये पडून असते. पूर आला की मोटार चालू होते का एवढे पाहिले जाते, ती कशावर टांगली आहे ते कोणी पाहत नाही. फायबरच्या नावेतही आत बहुधा प्लायच असते, फक्त कातडी वेगळी.

कुजणे ओळखणे अवघड नाही. हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत जावे. चांगले लाकूड टणक वाजते, कुजलेले बद्द. बोल्टाच्या भोकात टोचा घालून पाहावा. ओला काळा भुसा निघाला तर आणखी तपासणी नको. मोटार वर उचलून तिचा खालचा भाग हाताने हलवावा. भिंत लवली तर प्लाय गेले.

काम मोटार उतरवून सुरू होते. मग टोपपट्टी आणि आतले कोपऱ्यांचे आधार सोडवावेत. रिबिटांची डोकी ड्रिलने उडवावीत, छिन्नीने पत्रा फाटतो. जुने प्लाय तुकड्यांत निघाले तरी फेकू नये, ते जुळवून नव्याचा खाका काढता येतो. मोकळा झालेला पत्रा धुवून आतून नीट पाहावा. पांढरी पूड आणि खड्डे दिसले तर तिथे ॲल्युमिनियम झिजले आहे. भोक पडले असल्यास आर्गन वेल्डिंग करणारा एमआयडीसीत शोधावा. गावातल्या लोखंडी गेट बनवणाऱ्याच्या हाती पत्रा देऊ नये.

‘वॉटरप्रूफ’ हा शब्द प्लायच्या दुकानात फुकट मिळतो. पाहायचा तो शिक्का. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. त्याचा नमुना ७२ तास उकळून डिंक सुटतो का ते तपासलेले असते. आयएस ३०३ हे घरातल्या फर्निचरचे. १९ मिलिमीटरचे दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवले की हवी ती जाडी मिळते. अखंड सागाचा मोह टाळावा: साग सहज कुजत नाही, पण रुंद फळी ओलीसुकीत फुगते-आकसते आणि बोल्ट सैल करते. प्लायचे थर आडवे-उभे असल्याने ते जागचे हलत नाही.

मरीन प्लायला बुरशी आणि वाळवीसाठी तांबेयुक्त औषध दिलेले असू शकते, आणि तांबे ओलाव्यात ॲल्युमिनियमला भिडले की पत्रा खाल्ला जातो. तेव्हा प्लाय सहाही बाजूंनी इपॉक्सीने बंद करावे, तीन हात द्यावेत. कडांना जास्त, कारण पाणी कडेतूनच शिरते. बोल्टांची भोके आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरावीत आणि सुकल्यावर पुन्हा नेमकी पाडावीत. हीच पायरी बहुतेक जण गाळतात. आपल्याकडच्या उन्हात कालवलेले इपॉक्सी डब्यातच तापून घट्ट होते. पहाटे, सावलीत, थोडे थोडे कालवावे. बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वायसर आणि पॉलियुरेथेन सीलंट. पितळी बोल्ट मुळीच नकोत. न्हाणीघरातले सिलिकॉनही नको.

भिंतीची उंची बदलता कामा नये. आखूड शाफ्टच्या मोटारीला सुमारे १५ इंच लागतात, लांब शाफ्टला २०. मोटार नुसती शिकंज्यावर न ठेवता आरपार बोल्टांनी बांधावी आणि वर ती नावेला बांधून ठेवणारी दोरी असावीच. 

काठावर ठेवताना नावेचे नाक उंच, मागची बाजू खाली, तळाचे बूच काढलेले आणि वरची ताडपत्री वारा खेळेल अशी सैल असावी. जागा निंबाखालची, बागेतली नव्हे.

हतनूरचे दरवाजे उघडतात तेव्हा पाऊस कदाचित बऱ्हाणपुरात किंवा वऱ्हाडात पडलेला असतो आणि इकडे कोरडे ऊन असते. पाण्याची ओढ अचानक बदलते. मोटार अशा वेळी पूर्ण जोरात लागते, आणि कुजलेली भिंत नेमकी पूर्ण जोरातच फाटते. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगावला प्रवरेत बचाव पथकाची नाव उलटली. धुळ्याहून गेलेले ते जवान शिकलेले होते, सरावाचे होते, आणि तरी त्यांतले तिघे परतले नाहीत. चिरंजीव तर पोहायला पाटचारीत शिकले.

मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी तो हिरवा पत्रा निघाला पाहिजे. जमणार नसेल तर मोटार काढून घरात ठेवावी आणि यंदा वल्ह्यांवर भागवावे. वल्ही आणि लाइफ जॅकेट नावेतच आहेत ना, ते उलट टपाली कळवावे. फोटो नको. मामीला यातले काही सांगू नये.

मामाचे आशीर्वाद